वाजवणाऱ्याचा खांदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ जून हा दिवस २०१५ पासून आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो, आणि १९८२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला संगीत दिनही त्याच तारखेला अनेक देशांत पाळला जातो. यंदाही दोन्हींची छायाचित्रे वृत्तपत्रांत पाहिली. एकात मैदानावर ओळीने अंथरलेल्या चटया होत्या, तर दुसऱ्यात समईशेजारी उभा केलेला तानपुरा. या दोन चित्रांचा एकमेकांशी काही संबंध असावा असे मात्र कोणी म्हटलेले दिसले नाही. तो संबंध पुष्कळ जवळचा आहे, निदान ज्याचे पोट वाद्यावर चालते त्याच्यासाठी तरी आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी गेली ३१ वर्षे संवादिनीची, म्हणजे हार्मोनियमच्या पेटीची, साथ करतो. योगशिक्षक नाही आणि वैद्यही नाही. तेव्हा जे लिहितो आहे ते एका साथीदाराचे म्हणणे म्हणून वाचावे.

संवादिनीची साथ करताना शरीराला काय करावे लागते ते आधी सांगतो, कारण श्रोत्यांना ते समोर दिसत असूनही लक्षात येत नाही. आमची जागा गायकाच्या डाव्या हाताला. त्यामुळे गायकाच्या ओठांवर नजर ठेवायची तर मान सतत उजवीकडे वळलेली राहते. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर असतो. विलंबितात भाता सावकाश चालतो, द्रुतात भरभर, पण तान संपून सम येईपर्यंत तो थांबवण्याची सोय नसते. मांडी घातलेली, पेटी जमिनीवर, म्हणून कंबर पुढे वाकलेली. या अवस्थेत दोन-अडीच तास बसायचे आणि शेवटी भैरवी झाल्यावर हसतमुखाने उठायचे. उठताना आधाराला आम्ही पेटीवर हात टेकतो. ते अदब म्हणून टेकतो असे काही रसिकांना वाटते, आणि आम्हीही तो समज कधी दूर करीत नाही.

इतर वाद्यांची कथा निराळी नाही. सतारवादकाचा उजवा पाय डाव्यावर चढलेला असतो आणि शरीराचा भार एका बाजूच्या खुब्यावर जातो. बासरीवाल्याचे दोन्ही हात उजवीकडे उचललेले असतात आणि मान डावीकडे. तबलजीचे डावे मनगट डग्गा घासून घासून थकते. ढोलकीवाला वाद्य गळ्यात अडकवून फडावर उभा असतो, आणि गणेशोत्सवातल्या पथकातला मुलगा ढोल कमरेला बांधून विसर्जनाच्या मिरवणुकीत तासन्‌तास चालतो. माणसाचे दोन्ही खांदे सारखे ठेवील असे वाद्य आमच्या बैठकीत फारसे नाही.

यात व्यवसायाची घडी मिळवावी म्हणजे चित्र पुरे होईल. कार्यक्रम रात्री, त्यानंतरचे जेवण मध्यरात्री, आणि पहाटेची गाडी पकडून दुसऱ्या गावचा कार्यक्रम. पेटीचे खोके एका खांद्यावर, कपड्यांची पिशवी दुसऱ्या. कार्तिकापासून चैत्रापर्यंत कामाला खळ नसतो आणि पावसाळ्यात हात रिकामे. रजा, आजारपणाची भरपाई, विमा या गोष्टी आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिल्या आहेत. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, तिच्याविषयी कृतज्ञताच आहे, पण चाळिशीत हात गेलेल्या साथीदाराचे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच आमच्यात दुखणे लपवण्याची रीत पडली आहे. हात दुखतो असे एकदा तोंडातून गेले की पुढच्या कार्यक्रमाचा फोन दुसऱ्याला जातो, हे प्रत्येक जण जाणून असतो. मैफलीआधी रंगपटात वेदनाशामक मलमाचा वास येतो. तो कोणाच्या अंगाचा, हे विचारायचे नाही, असा अलिखित करार आहे.

माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचे बोट बधिर होऊ लागले तेव्हा मी ४६ वर्षांचा होतो. वर्षभर मीही ते लपवले. नंतर डॉक्टरांनी तपासण्या करून मानेतून निघणाऱ्या नसेवर दाब असल्याचे सांगितले, व्यायाम दिले आणि विश्रांती घ्यायला सांगितले. डिसेंबर महिना होता. डिसेंबरमध्ये विश्रांती घेणारा साथीदार मला अजून भेटायचा आहे. त्याऐवजी मी एका परिचिताच्या सांगण्यावरून घराजवळच्या योगवर्गात जाऊ लागलो. वर्गात ३०-४० जण असत. कोणाला काय होते आहे हे विचारण्याची पद्धत तेथे नव्हती, आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. तिसऱ्या आठवड्यात शीर्षासन झाले. मानेच्या नसेवर आधीच दाब असलेल्या माणसाने ते करू नये एवढे ज्ञान मला असायला हवे होते. त्यानंतर सहा आठवडे मी भाता ओढू शकलो नाही. त्या वर्गाला मी दोष देत बसत नाही. पण योगाने फायदा होतो असे जेव्हा सरसकट म्हटले जाते, तेव्हा मला ते सहा आठवडे आठवतात.

पुढे एका ज्येष्ठ योगशिक्षकांकडे गेलो. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उद्या पेटी घेऊन या." मला वाटले, त्यांना ऐकायची हौस असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी भ्रमणध्वनीवर एका ख्यालाचे ध्वनिमुद्रण लावले, मला त्याला साथ करायला सांगितले आणि स्वतः माझ्या पाठीमागे जाऊन बसले. वीसेक मिनिटे ते काही बोलले नाहीत. मग ध्वनिमुद्रण थांबवून त्यांनी विचारले, "गाणारा तारसप्तकात जातो तेव्हा तुम्ही खांदा कशाला वर नेता?"

मी खांदा वर नेतो हे मला ठाऊकच नव्हते. पुन्हा वाजवून पाहिले. गायक वरच्या षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, निघाला की माझा डावा खांदा कानाच्या दिशेने सरकत होता आणि श्वास अडत होता. तो षड्जावर ठरला की मीही श्वास सोडत होतो, पण खांदा पुरता खाली येत नव्हता. पुढच्या तानेला तो तेथूनच आणखी वर जाई. भात्याला वारा मिळत होता आणि वाजवणाऱ्याचा कोंडत होता, असे हे काम कित्येक वर्षे चालले होते. सूर लावण्यासाठी डाव्या हाताला जेवढे बळ लागते त्याच्या कितीतरी पट बळ मी खर्च करीत होतो, आणि त्यातल्या बहुतेक बळाचा सुराशी संबंध नव्हता.

त्या शिक्षकांनी मला अवघड आसने दिली नाहीत. पहिली दुरुस्ती बैठकीची होती. दोन चादरींची जाड घडी करून ती बसण्याखाली घ्यायची, म्हणजे खुबे उंच होतात, गुडघे त्यांच्या खाली येतात आणि कंबर आपोआप सरळ राहते. एवढ्याने पाठीचे निम्मे गाऱ्हाणे मिटले. दुसरी दुरुस्ती उलट्या दिशेची होती. मान आणि धड जन्मभर उजवीकडे वळलेले, म्हणून खुर्चीवर आडवे बसून पाठीच्या आधाराने डावीकडे सावकाश वळण्याचा भरद्वाजासनाचा प्रकार, रोज आणि कार्यक्रमाच्या दिवशी दोनदा. गोमुखासनातले हात पाठीमागे एकमेकांना पोचत नव्हते, तेव्हा त्यांनी मध्ये पट्टा दिला आणि "पोचण्याची घाई नाही, पट्ट्यावर बोटे सरकू द्या" असे सांगितले. बोटे गुंफून हात डोक्यावर ताणायचे, मग गुंफण बदलून पुन्हा ताणायचे. बदललेली गुंफण किती परकी वाटते हे कोणीही वाचक आत्ता करून पाहू शकेल. प्रवासाहून आल्यावर पाय भिंतीला लावून दहा मिनिटे विपरीत करणी. आणि या सगळ्यांनंतर शवासन, ज्यात डाव्या खांद्याखाली घडी घातलेला पातळ नॅपकिन, म्हणजे तो खांदा जमिनीवर कुठे आहे ते मला कळावे.

बधिरपणा कमी व्हायला आठ महिने लागले, आणि त्यात डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामाचा वाटा किती व योगाचा किती हे मी सांगू शकत नाही. एक गोष्ट मात्र मी खात्रीने सांगू शकतो. तारसप्तक आले की खांदा वर निघाला आहे हे मला आता तो निघताक्षणी कळते. पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखाचे असावे असे म्हटले आहे ते सर्वांना ठाऊक असते, पण लगेच पुढच्या सूत्रात त्यांनी प्रयत्नशैथिल्याचा उल्लेख केला आहे, तो क्वचितच कोणी सांगतो. वादकाला योगातून जे मिळवायचे आहे ते माझ्या मते या एका शब्दात आहे. लवचीकपणा आमच्यापाशी असतोच. तबलजीच्या बोटांइतकी लवचीक बोटे कोणाची असतील? जेथे जोर नको आहे तेथला जोर काढून घेता येणे, आणि तोही वाजवत असताना, ही आमची गरज आहे.

पुणेकरांना तरी या विषयात बाहेरचा दाखला शोधायला नको. बी. के. एस. अय्यंगार १९३७ पासून पुण्यात योग शिकवत होते. १९५२ साली जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भारताच्या दौऱ्यावर आले असता मुंबईत त्यांची आणि अय्यंगारांची भेट झाली. मेन्युहिन त्या वेळी अंगदुखीने, थकव्याने आणि झोप न येण्याने हैराण होते. भेटीसाठी अवघी काही मिनिटे राखलेली होती. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवले आणि ते गाढ झोपी गेले. बालपणापासून रंगमंचावर वाढलेल्या, जगाने डोक्यावर घेतलेल्या त्या वादकाला सर्वांत आधी हवी होती ती झोप, आणि ती ओळखणारा माणूस त्यांना भेटला. पुढे १९५४ साली त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले आणि एक घड्याळ भेट दिले, ज्यावर आपल्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकाला, अशा अर्थाचे शब्द कोरलेले होते. अय्यंगारांना व्हायोलिन वाजवता येत नव्हते. अय्यंगारांच्या प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाला मेन्युहिन यांचीच प्रस्तावना आहे. पट्टा, ठोकळे, दोर, खुर्ची अशी साधने वापरून आखडलेल्या शरीरालाही आसनाचा लाभ देण्याची जी पद्धत अय्यंगारांनी घडवली, तिचा उपयोग आम्हा मांडी घालून आखडलेल्यांना किती आहे, हे मी वर सांगितलेच आहे.

आता रंगमंचावरच्या भीतीविषयी थोडे. ही भीती नवख्यांनाच असते असा समज आहे. तसे नाही. तळहाताला घाम फुटला म्हणून चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, पुन्हा पुन्हा पावडर टाकणारे नामवंत तबलजी मी पाहिले आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या टँगलवूड येथे बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राची उन्हाळी संगीतशाळा भरते. तेथील तरुण व्यावसायिक वादक-गायकांना सुमारे दोन महिने योग आणि ध्यान शिकवून त्याचा परिणाम तपासणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांची चिंता, उदासी आणि चिडचिड इतरांच्या मानाने कमी झालेली आढळली आणि कार्यक्रमाची भीतीही उतरणीला लागलेली दिसली, मात्र वादनामुळे होणाऱ्या हातापाठीच्या दुखण्यात फरक आढळला नाही. मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही, उलट खरा वाटतो. मन दोन महिन्यांत सैल होऊ शकते, पण वीस वर्षे एका बाजूला वळलेली मान दोन महिन्यांच्या सामूहिक वर्गाने सरळ होईल अशी अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय त्या वर्गात प्रत्येकाच्या मागे बसून त्याचा खांदा कोणी पाहिला होता का, ही शंका माझ्या मनात येतेच.

भीतीवरचा उपाय साधा आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांबवला की पाच मिनिटांत धडधड उतरते. मी रंगपटात भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून गुणगुणण्याचा प्राणायाम, करतो, अगदी हलक्या आवाजात, तानपुऱ्याच्या षड्जात मिसळून. शेजारच्याला वाटते की मी सूर तपासतो आहे. कार्यक्रमाच्या तोंडावर भस्त्रिका किंवा कपालभाती असे जोरकस श्वासाचे प्रकार मात्र करू नयेत. त्याने अंग पेटून उठते आणि पहिलीच लय चढी धरली जाते. एका तबलजी मित्राने हा प्रयोग केला होता, आणि त्या रात्री गायकाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर तो अजून विसरलेला नाही.

गायकांविषयी मी अधिकाराने लिहू शकत नाही. त्यांचा दमसास रियाजाने येतो आणि प्राणायाम त्याची जागा घेऊ शकत नाही, असे मी ज्यांच्याबरोबर बसलो त्यांतल्या जाणत्या गायकांचे मत आहे. श्वास दीर्घकाळ रोखून धरणारे प्रकार रक्तदाबाची तक्रार असलेल्यांनी टाळावेत, हेही सर्वांनी लक्षात ठेवलेले बरे. आणि आजार वेगळा, थकवा वेगळा. वाजवताना एखादे बोट आपल्या इच्छेविरुद्ध आत वळू लागले, पकड सुटू लागली किंवा बधिरपणा रात्री झोपेतून उठवू लागला, तर आधी डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी आसनांवर विसंबून महिने घालवणारे दोन वादक मला ठाऊक आहेत. त्यांपैकी एक आता शिकवण्या करतो, वाजवत नाही.

आपल्या वृत्तपत्रातून काही मंडळींना विनंती करावीशी वाटते. संगीत शिकवणाऱ्या गुरुजनांनी पहिल्या अलंकाराच्या आधी शिष्याची बैठक पाहावी आणि ती मागून पाहावी. आमच्या पिढीला "मांडी मोडायची नाही" एवढेच सांगितले गेले आणि ते आम्ही अभिमानाने पाळले. खुब्याखाली चादरीची घडी घेतली तर गुरूचा अवमान होत नाही. प्रवेशिकेपासून विशारद-अलंकारापर्यंत परीक्षा घेणाऱ्या मंडळांनी तोंडी परीक्षेत तालाच्या मात्रा विचारताना एक प्रश्न बैठकीवर आणि श्वासावरही विचारावा. प्रश्न असला की शिकवले जाते, हा आपल्याकडचा अनुभव आहे. योगशिक्षकांनी वादक विद्यार्थी आला तर त्याला वाद्य आणायला सांगावे. तो सतार आणील तेव्हा खोलीत जागा करावी लागेल, पण त्यावाचून त्याचे शरीर कळणार नाही.

आणि आयोजकांसाठी एक. रंगपटात हार, श्रीफळ, चहा, बटाटेवडे यांची व्यवस्था चोख असते आणि त्याबद्दल आम्ही ऋणीच आहोत. तेथे पाठ टेकता येईल एवढी रिकामी जमीन, तिच्यावर एक सतरंजी आणि कार्यक्रमाआधी वीस मिनिटे सत्काराचे फोटो न काढण्याची मुभा मिळाली तर फार बरे होईल. गेल्या मार्चमध्ये कोकणातल्या एका गावी मी असा पडलो होतो, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता घाबरून आत आला आणि डॉक्टरांना बोलावू का, म्हणून विचारू लागला. मी त्याला शवासन म्हणजे काय ते सांगितले. तो दार ओढून घेऊन बाहेर उभा राहिला आणि पुढची पंधरा मिनिटे त्याने कोणालाही आत येऊ दिले नाही.

आपला नम्र,
एक संवादिनीवादक, पुणे